साईटवर सगळं आहे

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा त्र्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण रोडच्या कामावर मी मुकादम होतो. धानोऱ्याकडच्या जंगलातून जो डांबरी रोड जातो, त्याचा बराचसा मुरूम माझ्या नजरेखाली पडलेला आहे. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे लोक माझ्यावर हसले, आणि हसणाऱ्यांना मी कोण ते माहीत नव्हतं.

त्या साली माझी नात बारावी पास झाली. सायन्स घेऊन. आमच्या घरात त्याआधी बारावीचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. तिला पुढे बीएस्सी करायची होती आणि त्यासाठी दूर शहरातल्या कॉलेजात जावं लागणार होतं. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्याशी आता माझं भांडण नाही.

माझा मुलगा, म्हणजे पोरीचा बाप, धानाची शेती करतो. बोलतो कमी, पण बोलला की मागे हटत नाही. ते त्याने माझ्याकडूनच घेतलं आहे. त्याने सांगून टाकलं, "राहाची सोय दिसल्याशिवाय मी पोट्टीले पाठवत नाई. सोय चांगली असली तं पोट्टी जाईन, नाई तं घरी राहीन." रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे दिवस होते आणि प्रवेशाची शेवटची तारीख तोंडावर आली होती.

आमच्या गावात फोनला टॉवर सापडतो तो बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. तिच्या उंच पाळीवर चढलं की मग कुठं फोन जागा होतो. आम्ही तिघं तिथे जाऊन बसलो. पोरीने फोनवर कॉलेज काढलं. ती त्याला 'नेट' म्हणायची, म्हणून आम्हीही नेटच म्हणायचो.

बराच वेळ फोनमध्ये नुसतं चाक फिरत राहिलं. मग गळ्यात हार घातलेला एक माणूस आला. तो गेला, दुसरा आला. तोही हारवाला. तिसरा येईपर्यंत टॉवर गेला. पुन्हा पहिल्यापासून. मुलगा म्हणाला, "याइले पाहाले आलो का आपण?" पोरीने वरच्या तीन रेघांवर बोट ठेवलं, आणखी कुठे कुठे दाबलं, तेव्हा होस्टेलचा फोटो आला. गुलाबी तीनमजली इमारत. समोर पाण्याचा फवारा. फवाऱ्यापाशी दोन गोऱ्यापान पोरी पुस्तकं छातीशी धरून हसत होत्या. खाली इंग्रजी मजकूर, आणि मराठीत एकच ओळ: मुलींसाठी सुसज्ज वसतिगृह.

"सुसज्ज म्हंजे?" मी विचारलं.

"सगळं असलेलं, आबाजी."

"सगळं म्हंजे काय काय?"

"ते नाई लिहिलं."

मुलगा फोटोकडे पाहत राहिला. "एवढ्या मोठ्या हवेलीत पोट्ट्याइवर ध्यान कोण ठेवते? रातच्याले दार कोण लावते? बस कुठी थांबते? हे पाह्य बरं कुठी लिहिलं आहे."

पोरीने सगळीकडे शोधलं. अध्यक्षांचा संदेश होता, कोणत्या तरी समारंभाचे फोटो होते, 'प्रवेश सुरू' अशी लाल अक्षरं एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला पळत होती. तिच्या बापाला जे पाहिजे होतं ते कुठेच नव्हतं.

"मी जाऊन पाहून येतो," मी म्हणालो.

"तुम्ही काय, नातीसाठी गोठ्याले पण बंगला म्हणान," मुलगा म्हणाला. "तुमचं नाई चालत बाबा. कॉलेजनं सोता सांगतलं पाह्यजे. त्याइच्या नेटवर लिहिलं असलं तं ते त्याइच्या गळ्यात राह्यते. उद्या काई झालं तं दाखवता येते."

मला राग आला. पण तो चुकीचं बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोरगी आईसोबत रोवणीला गेली होती. मी एकटाच पाळीवर चढलो आणि कॉलेजच्या हापिसात फोन लावला. नातीचं सांगितलं, होस्टेलचं विचारलं. तिकडचा बाबू घाईत होता. "बाबा, सगळी माहिती साईटवर आहे. साईटवर जाऊन पाहा," म्हणाला आणि ठेवून दिला.

आता साईट हा शब्द मला कोणी शिकवायची गरज नव्हती. जिथे गिट्टी पडते, मिक्सर फिरतो, मुकादमाचा आवाज चालतो, ती साईट. माझं अर्धं आयुष्य साईटवर गेलं. मला तर बाबू आवडला. म्हटलं, शहाणा माणूस दिसतो, ऐकलेल्यावर नको, जाऊन डोळ्यानं पाहा म्हणतो.

मी बस धरली. शहरात उतरून ऑटोवाल्याला म्हणालो, "कॉलेजच्या साईटवर चाल."

"बायपासची नवीन साईट ना?"

"तीच."

त्याने मला गावाबाहेर नेऊन सोडलं. चिखल, तारेचं कुंपण, आत सिमेंटचे खांब उभे आणि खांबांतून सळाखी वर निघालेल्या. त्या सळाखींचा गंज पाहूनच मी समजलो की इथे पुष्कळ दिवसांपासून कोणी घमेलं उचललेलं नाही. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली माझ्याच वयाचा एक चौकीदार चुलीवर भाजी परतत होता.

"कोणाले पाहून राह्यले भाऊ?"

"माहिती पाहाले आलो. हापिसातला बाबू म्हणे, सगळी माहिती साईटवर आहे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "इथी? इथी तं गिट्टी आहे अन् मी आहो."

"पोट्ट्याइचं होस्टेल कुठी आहे?"

"होस्टेलातच तं उभे आहा तुम्ही," तो म्हणाला. "थो तुमच्या पायाखाली हॉल आहे म्हणते. जेवाचा."

मी पायाखाली पाहिलं. पाणी साचलं होतं आणि त्यात बेंडूक होता.

"अन् फवारा?"

"कायचा फवारा?" त्याने झारा खाली ठेवला. "भाऊ, ऊन लागलं का तुम्हाले? बसा, पाणी प्या."

पाणी प्यालो. मग तिथून कॉलेजपर्यंत पायी आलो. ऑटो मिळाला नाही म्हणून नाही. राग थोडा खाली बसावा म्हणून. तो बसला नाही.

हापिसात मी बाबूला सांगितलं, की तुम्ही सांगितलं तसा साईटवर जाऊन आलो. त्याला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो एवढा हसला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून त्याने पुन्हा सांगितलं. "अहो, हे बायपासवर गेले! साईट म्हणजे वेबसाईट हो बाबा! नेटवरची!"

सगळे हसले. मी उभा राहिलो, त्यांचं हसून होईपर्यंत. मग म्हणालो, "हसले ना? आता हे सांगा. तुमच्या साईटवर तीन मजले उभे आहेत अन् फवारा उडून राह्यला. मी ज्या साईटवर गेलो तिथी बेंडूक आहे. माझ्या नातीनं कोणत्या साईटवर झोपाचं?"

बाबूने मला कॉम्प्युटरच्या खोलीत पाठवून दिलं. म्हणाला, साईटचं काम तिथल्या मॅडम पाहतात. खरं म्हणजे त्याला मी समोरून जायला पाहिजे होतो.

मॅडम तरुण होत्या, आवाज बारीक, पण बोलणं सरळ. त्यांनी मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि त्या हसल्या नाहीत. मीच म्हणालो, "हसा, बाकीचे हसून झाले."

"आजोबा, मला हसू नाही येत, लाज वाटते," त्या म्हणाल्या. "तो फोटो नाही, चित्र आहे. इमारत कशी होईल त्याचं. ज्यांनी साईट बनवली त्यांनी टाकलं, काम थांबलं, चित्र राहून गेलं."

"मंग पोट्ट्या राह्यतात कुठी? का राह्यतच नाई?"

"राहतात ना. बाजारामागे घर आहे भाड्याचं. कॉलेजनंच घेतलं आहे. स्वयंपाकाला मावशी आहे, तिथंच राहते. चांगलं चाललं आहे."

"हे काऊन नाई लिहिलं?"

"घर जुनं आहे. सर म्हणतात, साईटवर शोभत नाही."

मग त्यांनी मला कॉम्प्युटरवर ती साईट उघडून दाखवली आणि एकेक जागा बोटाने दाखवत बोलल्या. ते बोलणं मला अजून आठवतं, कारण असं रोखठोक मी आमच्या इंजिनिअर लोकांकडूनही ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "ही साईट ज्यांनी बनवून घेतली त्यांच्यासाठीच बनली आहे. अध्यक्ष उघडतात, स्वतःला पाहतात, खूश होतात. पण खरं इथं येतं कोण? बारावी झालेली पोरगी अन् तिचा बाप. तिच्याजवळ साधा फोन, रेंज एक कांडी. तिला पहिल्यांदा काय दिसलं पाहिजे? कोणता विषय मिळतो, शेवटची तारीख काय, राहायचं कुठे, अन् कोणाला फोन लावायचा. मराठीत. अन् हारवाले फोटो एवढे जड ठेवायचे नाहीत, की ते उतरता उतरता रेंज जाईल. हे सगळं मी बनवून ठेवलं आहे आजोबा. टाकायची परवानगी नाही."

"कोण देते परवानगी?"

"प्राचार्य सर."

"चला," मी उठलो.

"आता?"

"मंग काय मुहूर्त पाहाचा?"

प्राचार्य साहेब वाईट माणूस नव्हते. चहा सांगितला. माझं ऐकून म्हणाले, "बाबा, तुम्ही चिंता करू नका. तुमच्या नातीला त्या घरात चांगली खोली देतो. मी शब्द देतो. आता निवांत घरी जा."

दुसरा कोणी असता तर उठला असता. मीही क्षणभर चहाच्या कपाकडे पाहत राहिलो. पण घरी जाऊन मुलाला काय सांगणार? साहेबांनी शब्द दिला? तो म्हणेल, दाखवा.

"तुमचा शब्द मी खिशात घालून नेतो साहेब," मी म्हणालो, "पण माझा पोरगा खिसा नाई पाहत, फोन पाह्यते. तुमच्या साईटवर नसलं तं पोट्टी घरी राह्यते. एवढीच गोष्ट आहे."

"अहो, पण तसं जुनं घर साईटवर टाकलं तर बाकीची कॉलेजं काय म्हणतील? आणि एकदा लिहिलं की ते पाळावं लागतं, बाबा. मावशी आहे लिहिलं, आणि मावशी सोडून गेली तर?"

"मंग फवारा लिहिला तो कोण पाळून राह्यलं?"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खाली पाहत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. मी बसलो तो बसलोच. साहेबांचे दोन फोन आले, एक शिपाई सही घेऊन गेला, माझा चहा निवला. साईटवर ठेकेदाराशी बोलून काम झालं नाही, की मी असाच बसत असे.

शेवटी साहेब म्हणाले, "बरं, मॅडमनी बनवलेलं टाका. पण नवीन इमारतीबद्दल काय लिहाल?"

"काम थांबलं आहे," मी म्हणालो.

"सुरू आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, मी सळाखी पाहून आलो."

"थांबलं असं मी लिहू देणार नाही. संस्थेचा प्रश्न आहे."

मॅडमनी मध्ये पडून म्हटलं, "'इमारत अजून तयार नाही,' असं लिहू?"

साहेबांनी छताकडे पाहिलं, मी खिडकीकडे. दोघांनाही पूर्ण पटलं नाही. म्हणून ते ठरलं.

मॅडम मला बाजारामागच्या घरी घेऊन गेल्या. घर खरंच जुनं होतं, पण कोरडं होतं. मावशी दारातच आडवी आली. "माणसाइले आत नाई सोडत मी. कोण हे बुढाजी?" ते ऐकूनच माझं निम्मं काम झालं. मॅडमनी समजावलं तेव्हा तिने पोरींना आवाज देऊन ओढण्या सांभाळायला लावलं आणि मग मला आत घेतलं. फोटो काढायचा म्हटल्यावर ती स्वतः लुगडं बदलायला गेली आणि पावडर लावून आली.

मॅडम फोनने फोटो काढत होत्या. त्यांना खिडकीजवळची अभ्यासाची जागा आवडली. मी म्हणालो, दाराच्या आतल्या कडीचा काढा. त्या म्हणाल्या, कडीचा फोटो कोण पाहतो? मी म्हणालो, बाप पाहते. काढला. मग पाण्याची टाकी, संडास, भात शिजवायचं गंज. मग मी दाराजवळ काठी धरून उभा राहिलो.

"आजोबा, थोडं बाजूला व्हा."

"माझ्यासकट काढा. लोकाइले दिसू द्या की कोणी तरी जाणता माणूस पाहून गेला."

"नाही काढत."

"काऊन?"

"कारण मग पाहणारी पोरगी खोली सोडून तुम्हालाच पाहील. हारवाले तीन जण तर मी आत्ताच साईटवर खाली नेले आहेत. तुम्ही चौथे होता का?"

मावशी फिदीफिदी हसली. मला ते लागलं. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. पण मॅडमनी तो फोटो काढला नाही, तो नाहीच काढला. नंतर साईटवर खोली पाहिली तेव्हा समजलं, की तिथे मी नसलो तेच बरं होतं. हे मी मॅडमना कधी सांगितलं नाही.

लिहिताना पुन्हा भांडण. मॅडमनी सुरुवातीला 'सुसज्ज' लिहिलं. मी म्हणालो, तो शब्द काढा. "अहो, सगळ्या कॉलेजांच्या साईटवर असतो!" "म्हणूनच त्यात काई उरलं नाई," मी म्हणालो. "कडी आहे तं कडी लिहा. टाकी आहे तं टाकी लिहा." मग 'अधीक्षिका' लिहिलं. मावशीने विचारलं, "थे कोण?" म्हणून 'मावशी' लिहावं लागलं. मावशीने फोन नंबर द्यायला कबूल केलं, पण अटीवर. "रातच्याले बापलोकं फोन करतीन तं मी नाई उचलणार. दिवसाचाच टाइम टाका." तसं टाकलं. बस कुठे थांबते तेही टाकलं. नंबरावर नुसतं बोट ठेवलं की फोन लागतो, असं मॅडमनी करून दाखवलं. मी ठेवलं. मावशीच्या कमरेला फोन वाजला, आणि ती माझ्याकडे पाहत "हॅलो, कोण?" म्हणाली.

मी गावात उतरलो तेव्हा उजेड होता. चिखलाच्या पायाने मुलगा शेतातल्या बांधीतून येत होता. धानाच्या बांधीतून निघालेल्या माणसाला लगेच काही विचारू नये, म्हणून मी त्याचे हातपाय धुऊन होऊ दिले. मग म्हणालो, "पाळीवर चाल. नेटवर आलं आहे."

या वेळी चाक फिरलं, पण थोडंच. हारवाले आले नाहीत. वरच विषय, तारीख, आणि खाली 'मुली कुठे राहतात' असं साध्या मराठीत. मुलाने फोन स्वतःच्या हातात घेतला. खोली पाहिली. टाकी पाहिली. कडीचा फोटो त्याने दोन बोटांनी मोठा केला. 'नवीन इमारत अजून तयार नाही' ही ओळ त्याने ओठ हलवत वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाला, "हे कॉलेजनंच लिहिलं?"

"हव. त्याइच्याच साईटवर आहे."

"नाई आहे तं नाई आहे म्हणून राह्यले," तो म्हणाला. "मंग आहे म्हणतात थे पण असंल."

नात माझ्या खांद्यावरून पाहत होती. "आबाजी, फवारा काऊन काढला? चांगला होता."

"फवाऱ्यात झोपतं का तू?"

"तसं नाई. पण चांगला होता," ती हिरमुसली. तिचंही बरोबर होतं. अठरा वर्षांच्या पोरीला फवारा पाहिजेच.

मुलाने नंबरावर बोट ठेवलं. मावशीने उचलला. माझ्या मुलाने दोनच गोष्टी विचारल्या. संध्याकाळी दार किती वाजता लागते, आणि भात दोन्ही टाइम मिळते का. तिकडून मावशी काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण ती पुष्कळ बोलली. मुलगा "हव... हव बाई... हव" करत राहिला. फोन ठेवून तो पोरीला म्हणाला, "पांघराले काय काय न्याचं, मायले विचारून घे. उद्याच्या गाडीनं जाऊ."

पोरगी पाळीवरून धावत खाली गेली. अर्ध्यातून परत आली. "आबाजी, टोल्यावरची माझ्यासोबतची पोट्टी पण पास झाली. तिचा बाप पण होस्टेलसाठीच नाई म्हणून राह्यला. त्याइच्या टोल्यावर तं टॉवरच नाई."

टोला म्हणजे नाल्यापलीकडची गोंडांची वस्ती. त्या पोरीच्या बापाने माझ्या हाताखाली रोडवर काम केलेलं होतं. माझं ऐकायचा, पण आवाज चढवल्याशिवाय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या आधी मी नाला ओलांडून टोल्यावर गेलो. तो अंगणात नांगराचं जू बांधत होता. म्हणालो, "जू ठेव खाली. माझ्यासोबत बोडीच्या पाळीवर चाल."

"काऊन मुकादम?"

"तुले एक कडी दाखवाची आहे," मी म्हणालो. "अन् पोट्टीले पण घे. तिच्या मार्कशीटसकट."